मागची फळी

गाव कोणतं ते सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एसटी स्टँडसमोर माझं मेडिकल, एवढं पुरे. गिऱ्हाइकांची नाती, वाड्या, वयं बदलली आहेत. दिवस मात्र खरा आहे, पितृपक्षातला एक गुरुवार.

सकाळी ७.४०

शटर निम्मं वर करून आत शिरलो. आधी देवाला उदबत्ती, मग फ्रिजचं तापमान, मग पाण्याचा घोट आणि माझी गोळी, असा जानेवारीपासूनचा क्रम. आज गोळी नाही. पाकीट सोमवारीच संपलं. रत्नागिरीला जायचं होतं, पण पावसाने दोन दिवस असं झोडपलं की राहिलंच.

मेडिकलवाल्याकडे गोळ्यांचा दुष्काळ हे ऐकायला विचित्र वाटेल. एसिटालोप्राम, दहा मिलिग्रॅम, मनाची गोळी. मी उभा राहतो तिथून चार पावलांवर, मागच्या फळीवर, तीन कंपन्यांची पडून आहे. पण रोज रात्री दुकानातला पोरगा संगणकावर स्टॉक जुळवतो. एक स्ट्रिप कमी आली की तो विचारणार, दादा, बिल कुणाच्या नावाने? म्हणून मी सव्वा तास एसटीत बसून रत्नागिरीला जातो आणि तिथल्या एका अनोळखी मेडिकलातून पूर्ण किमतीला घेऊन येतो. बावीस वर्षं हा धंदा करतोय. गिऱ्हाइकांनी असं केलं की मी मनात हसायचो.

खंड पडल्यावर काय होतं ते पुस्तकातून माहीत होतं, आता अंगाने कळतंय. मान पटकन वळवली की डोक्यात बारीक झिणझिणी उठते आणि क्षणभर दुकान जागचं हलतं.

८.१५

साखरप्याची गाडी लागली तसा स्टँडच्या बाकाखालचा तो उठला. चार वर्षांमागे शिमग्याच्या सुमारास आला. बोलतो ते कानडीसारखं वाटतं. कॅन्टीनवाला त्याला चहा देतो, पण काचेच्या ग्लासात नाही, कागदी कपात. पोरं पूर्वी खडे मारायची, आता त्यांनाही कंटाळा आला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अशा माणसाची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. त्याला ताब्यात घ्यायचं आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशांवर उपचार करून त्यांना थेट घरापर्यंत पोचवते. २०१८ साली वाटवानींना मॅगसेसे मिळालं तेव्हा कात्रण काढून काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं, अजून आहे. पोलीस ठाण्यात जाऊन एकदा सांगून येऊ, असं मीही चार वर्षं म्हणतोय. तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक येतं.

हा एक डोळ्यांना दिसतो, म्हणून गावाची समजूत अशी की गावात वेडा एकच.

राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, आणि ज्या त्या मुलखात त्या त्या गावाची शिवी झालेली. पुण्याकडे येरवडा, मुंबईकडे ठाणं, विदर्भात नागपूर, आमच्याकडे रत्नागिरी. कुणी जरा वेगळं बोललं की ‘ह्याला रत्नागिरीची गाडी दाखवा’. मी दर महिन्याला निघतो तेव्हा आमचा पोरगा म्हणतो, ‘जाऊन या दादा, पण ठेवून घेऊ नका म्हणावं.’ मी हसतो. हसल्याशिवाय सुटका नसते.

९.३०

अल्प्राझोलामची चिठ्ठी आली, म्हणजे लाल चौकटीचं औषध, म्हणजे वही काढायची. २०१४पासून एच-वन यादीतल्या औषधांची वेगळी नोंद ठेवावी लागते. लिहून देणारा डॉक्टर कोण, रुग्ण कोण, औषध कोणतं, नग किती. वही तीन वर्षं सांभाळायची, औषध निरीक्षकाने मागितली की पुढे करायची. कारण चांगलं आहे, झोपेच्या गोळ्या चण्या-फुटाण्यांसारख्या विकल्या जाऊ नयेत.

पण नाव विचारलं की माणूस थबकतो. चिठ्ठीवर जे असेल ते मी उतरवतो, आणि चिठ्ठीवरचंच नाव कधी कधी दुसऱ्याचं असतं. ओळखीचे गुरुजी बायकोच्या नावाची चिठ्ठी घेऊन येतात. बायको ठणठणीत आहे, गुरुजींचे डोळे सांगतात की रात्री कोण जागं असतं. माझ्या त्या वहीत एक अख्खी वाडी राहते जिचा मतदार यादीत पत्ता नाही.

आमच्याच तालुक्याची माणसं माझ्याकडे कमी येतात. ती संगमेश्वरला, चिपळूणला, कोल्हापूरला जातात. माझ्या मागच्या फळीची गिऱ्हाइकं येतात राजापूर-लांज्याहून. एसटी महामंडळाला या धंद्याचं किती उत्पन्न मिळत असेल, कुणी काढायला हवं. पण गंमत बाजूला ठेवली तरी हिशेब साधा आहे. गोळी रोजची, गाडी महिन्याची. गाडी चुकली, पाऊस लागला, घरात पाव्हणे आले की गोळी चुकते. मग आजार उलटतो, आणि गाव म्हणतं, बघा, गोळ्यांनी काही होत नाही.

पुढचं गिऱ्हाईक पन्नाशीच्या बाई. ‘पाकिटाचा नावाचा तुकडा कापून ठेवून घ्या, नुसत्या गोळ्या द्या.’ आमचा नियम उलटा, नाव आणि एक्स्पायरी असलेलं टोक शेवटपर्यंत राहिलं पाहिजे. मी न कापता कागदात गुंडाळून दिलं. दारात त्यांनी स्वतःच दाताने फाडलं.

११.००

आज ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याहून मनोविकारतज्ज्ञ येण्याचा दिवस. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ला सुरू झाला, तो इथवर पोचण्याआधी इथल्या माणसाला डॉक्टरची चिठ्ठी मिळवायची तर रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर. आता महिन्यातून एकदा डॉक्टर गावात येतात, बऱ्याच गोळ्या तिथेच फुकट मिळतात, नसतील त्यांची चिठ्ठी माझ्याकडे येते. मधे काही महिने त्यांना बसायला दातांच्या खोलीशेजारची खोली होती. तेव्हा रांगेतली निम्मी माणसं गाल धरून बसायची. खोली बदलली तशी रांग अर्ध्यावर आली.

२०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्सने बारा राज्यांत पाहणी केली, महाराष्ट्र त्यात नव्हता. शंभरातल्या साधारण दहा प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते. मला हे आकडे दुकानाच्या भाषेत कळतात. मागच्या फळीसमोर जी येतात ती दुर्मिळ माणसं. लपतछपत का होईना, आली तर खरी.

११.५०

एक बाप. चिठ्ठी पुढे केली नाही, आधी म्हणाला, ‘भाऊ, जरा आत येऊ?’ आत म्हणजे फ्रिजच्या मागे, तिथे एक स्टूल आहे. त्या स्टुलावर मी जेवढं ऐकलंय तेवढं आमच्या वकील मेव्हण्याने कचेरीत ऐकलं नसेल.

मुलीचं जमलंय. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त. मुलगा मुंबईला, माणसं बरी. मुलगी तीन वर्षं व्हॅल्प्रोएटवर आहे, बायपोलरसाठी. दोन वर्षांत एकदाही बिघडलेली नाही, बँकेत नोकरी करते. बापाचे प्रश्न दोन. लग्नापुरत्या दोन महिने बंद केल्या तर चालतील का? आणि नसतीलच चालत तर या गोळ्या थायरॉईडच्या बाटलीत भरून द्याल का?

थायरॉईड हा आमच्याकडचा सोज्ज्वळ आजार. सुनेला थायरॉईड चालतो. आमच्या तालुक्यात जेवढा थायरॉईड आहे तेवढा खरोखर असता तर इथे त्याचंच स्वतंत्र हॉस्पिटल निघालं असतं.

मी रागावलो नाही, कारण रागावण्याइतका मी या बाबतीत स्वच्छ नाही. त्याला म्हटलं, बंद करू नका, लग्नाची धावपळ आणि जागरणं हाच उलटण्याचा काळ असतो. आणि दुसरं, ही गोळी गरोदरपणात बाळाला धोक्याची आहे, पाठीच्या कण्याची व्यंगं होऊ शकतात. मुलीला आत्ताच डॉक्टरांपुढे न्या, ते वेळेत गोळी बदलतील. आणि हे तिकडे सासरी कुणाला तरी ठाऊक असायला हवं. उद्या तिला दिवस गेले तर तिथल्या डॉक्टरला थायरॉईड सांगणार का?

‘सांगितलं तर मोडेल.’

‘मोडेल’, मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

मेव्हणा सांगतो, हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिट येणं हेसुद्धा लग्न रद्द करण्याचं कारण होतं, ते १९९९ला काढलं. महारोग हे घटस्फोटाचं कारण होतं, तेही २०१९ला गेलं. मनाचा आजार अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्येच म्हणून ठेवलंय की नुसतं स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे ते बघावं लागतं. पण स्टुलावर बसलेल्या बापाला न्यायालयाचं काय? त्याच्यासमोर मुलाची आई आहे, तिला तीव्रता मोजता येत नाही, नाव तेवढं ऐकू येतं.

तो बाटली न घेता गेला. मुलीला घेऊन डॉक्टरांपुढे बसला की नाही, दुपारच्या चिठ्ठ्यांवरून कळलं असतं. तिच्या नावाची आली नाही.

दुपारी १.३०

पोरगा जेवायला गेला. फळी पुसायला घेतली. लिथियमचा डबा हातात आला की मला एक दुपार आठवते.

लिथियम म्हणजे खरं तर एक क्षार, मिठाच्या गोतावळ्यातला. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने १९४९ला उन्मादाच्या रुग्णांना देऊन बघितलं, तेव्हापासून चालत आलंय. स्वस्त आणि गुणी, पण मापाचं पक्कं. रक्तात ०.६ ते १.२ एवढ्यात राहिलं तर औषध, त्याच्या फार वर गेलं तर विष. अंगातलं पाणी कमी झालं तरी चढतं आणि कितीतरी वेदनाशामकांनीही चढतं.

आमच्या गावातला एक गवंडी. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. लिथियम घ्यायचा, पण ते मला माहीत नव्हतं, कारण घ्यायचा कराडहून. गुडघा धरला म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे गेला, त्यांनाही सांगितलं नाही. वेदनाशामकाची चिठ्ठी माझ्याकडे आली आणि मी हसतखेळत पंधरा गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी जुलाब. सातव्या दिवशी स्टँडवर चालताना झोकांड्या, जीभ जड, हात थरथर. बघणारे म्हणाले, दुपारीच लावून आलाय. दोन तास तो स्टँडच्या पायरीवर बसून होता आणि कुणी हात लावला नाही. दारुड्याला कोण हात लावतं? मीसुद्धा काउंटरवरून बघितलं आणि मलाही तेच वाटलं.

संध्याकाळी त्याची बायको आली तेव्हा तिने रडत रडत कराडच्या पाकिटाचा फोटो दाखवला. जीप करून रत्नागिरीला नेलं. वाचला. नंतर एकदा मला म्हणाला, ‘दारू म्हणाले ते बरं झालं, भाऊ. दुसरं कळलं असतं तर काम मिळालं नसतं.’

आता वेदनाशामक देताना मी प्रत्येकाला विचारतो, दुसरी कुठली रोजची गोळी चालू आहे का. बीपी सांगतात, साखर सांगतात. मग मी आवाज उतरवून विचारतो, ‘झोपेची, डोक्याची, मनाची?’ मागे रांग असेल तर उत्तर ‘नाही’ येतं. म्हणून रांग नसताना विचारतो.

३.४५

धंद्याची मरगळलेली वेळ. शेजारचा हार्डवेअरवाला चहा घेऊन आला आणि बसता बसता म्हणाला, ‘काल एकाने साखळी नेली. दहा फूट, बारीक कडीची. म्हशीला म्हणाला. सोबत कुलूपही घेतलं. म्हशीला कुलूप कशाला?’

चहा तसाच राहिला. कोणत्या वाडीचा ते त्याला माहीत होतं. घर मलाही माहीत होतं. बारावी झालेला मुलगा, गणपतीत आरती चालू असताना उठून ओरडायला लागला होता, माझ्याविरुद्ध बोलताहेत म्हणून. घरच्यांनी देवळात कौल लावला, ‘बाहेरचं’ निघालं, कुण्या भगताने उतारा सांगितला. पितृपक्ष आहे, त्यात पितरांचाही कोप. कौल लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आमच्या घरी माझ्याही नावाने नारळ ठेवला होता, आईने, मला न सांगता. वाद घालून नारळ बंद होत नाही, गोळी मात्र बंद होते. मी एवढंच म्हणतो, नारळ ठेवा आणि गोळीही ठेवा.

साखळीचं वेगळं. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही, अठ्ठावीस माणसं गेली. पेपरातला फोटो अजून डोळ्यांसमोर आहे. २०१७च्या कायद्याने साखळीला सरळ बंदी घातली, कुठल्याही स्वरूपात. आणि आपल्या राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने-साखळीने बांधून मारहाण करणं हा गुन्हाच आहे.

पण त्या आईला कायदा सांगायला गेलं तर दार लावील. तिला रात्रीची धास्ती आहे, पोरगा अंधारात विहिरीकडे जातो म्हणून. साखळी तिने द्वेषाने आणलेली नाही. मी त्या भागातल्या आशाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘मला माहितीय हो. आत्या म्हणून जाते मी त्यांच्याकडे, आशा म्हणून नाही. आज डॉक्टर पाच वाजेपर्यंत आहेत ना?’

पाचला दहा मिनिटं असताना रिक्षातून चौघं उतरले. मुलाच्या अंगात फुल बाह्यांचा शर्ट, मनगटं झाकलेली. रुग्णालयाच्या फाटकातून आत जाईपर्यंत मी आणि हार्डवेअरवाला दोघेही रस्त्याकडे पाठ करून उभे राहिलो. बघत असलेलं त्यांना दिसायला नको म्हणून. तो पुटपुटला, ‘परत आणली तर मी साखळी घेईन. वापरलेली घेत नाही खरं तर.’

संध्याकाळी ६.३०

गर्दी. खोकला, ताप, डायपर, उंदराचं औषध. उंदराचं औषध मी एकट्यादुकट्याला संध्याकाळनंतर देत नाही, ‘संपलंय’ म्हणतो.

कॉलेजचा एक मुलगा. सर्ट्रालीनची चिठ्ठी तीस गोळ्यांची, म्हणाला पाच द्या, बघतो फरक पडतो का. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, हिला दोन-तीन आठवडे लागतात, पाच दिवसांत फक्त मळमळ कळेल आणि तू सोडशील. पैसे नव्हते. पंधरा दिल्या, उरलेले वहीत. दुसऱ्या वहीत, उधारीच्या.

टेलिमानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्याचा स्टिकर मी आधी काउंटरवर लावला होता. वर्षभरात कुणी तिकडे मान वळवली नाही, चारचौघांत कोण वाचणार? मग तो काढून वजनकाट्यावर लावला, पायाजवळ. काट्यावर माणूस एकटा उभा असतो आणि खालीच बघत असतो. आता काही जण रुपया टाकून वजन करतात आणि वजन न बघता उतरतात.

९.२०

शटर निम्मं खाली. पोरगा स्टॉक जुळवतोय. दिवसभरात झिणझिणी वाढलीय, दोनदा सुटे पैसे चुकीचे दिले. उद्या शुक्रवार, उद्याही रत्नागिरी जमणार नाही, स्टॉकिस्टची गाडी यायची आहे.

मी मागच्या फळीकडे गेलो, एक स्ट्रिप काढली, काउंटरवर ठेवली.

‘ही टाक बिलात.’

त्याने उचलली, नाव वाचलं. ‘कुणाच्या नावाने?’

‘माझ्या.’

तो दोन क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग स्ट्रिप उलटी करून उजेडात धरली आणि फळीकडे चालू लागला.

‘दादा, ही कशाला घेता? त्या दुसऱ्या कंपनीची डिसेंबरला एक्स्पायर होतेय, सात पाकिटं पडून आहेत. आधी ती संपवा.’